चावी टेबलावर ठेवून जा

तुरुंग म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे खाकी वर्दी येते. पण आत बिनवर्दीची माणसंही नोकरी करतात: लिपिक, शिक्षक, मिश्रक, सुतारकाम-शिवणकामाचे निदेशक. मी त्यांतलाच. राज्यातल्या एका मध्यवर्ती कारागृहात लिपिक म्हणून लागलो, वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालो. संप, महामारी, अलार्म, सगळं आतून पाहिलं. नव्याने लागलेल्या मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे. भिंत राखायला वर्दीवाले आहेत. माणसाला भिंतीबाहेर काढणारा कागद मात्र तुमच्या हातात असतो. अडचणीच्या दिवसांत आधी तो सांभाळा.

14 मार्च 2023 ला राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा जुन्या पेन्शनसाठी बेमुदत संप सुरू झाला. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नव्हती. माझी नोकरी त्याआधीची. मागणी रास्त होती असं मी तेव्हा म्हणत होतो, आजही म्हणतो. एकाच टेबलावर तेच रजिस्टर लिहिणाऱ्या दोघांपैकी एकाला म्हातारपणाची शाश्वती आणि दुसऱ्याला बाजाराचा भरवसा, हा न्याय नव्हे. कच्च्या कैद्यांचे कागद बघणाऱ्या आमच्या न्यायविभागातली तरुण मंडळी 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत बाहेर पडली. वर्दीवाले जागेवर होते. साहेबांनी त्यांतलेच दोन शिपाई न्यायविभागात बसवले. मी शिक्षाबंदी, म्हणजे शिक्षा झालेल्यांच्या विभागात होतो, मधूनमधून तिकडे डोकावत होतो.

कच्च्या कैद्याची सुटका कशी होते, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. जामिनाचा आदेश आला की दार उघडलं, असं होत नाही. त्याच्यावर आणखी कुठली केस आहे का, दुसऱ्या कोर्टाचं वॉरंट आहे का, ते आधी बघायचं. मग वडिलांचं नाव, गाव, अंगावरची खूण, अंगठ्याचा ठसा जुळवायचा. एकाच नावाचे तीन-तीन बंदी असतात. चुकीचा माणूस बाहेर गेला तर तो पळाल्यासारखाच, आणि बरोबर माणूस आत राहिला तर ती बेकायदा कैद.

संपाच्या त्या आठवड्यात गुरुवारी संध्याकाळी एका पोराचा जामीन आला. रजिस्टरला त्याच्या नावापुढे शेजारच्या तालुक्यातल्या कोर्टाचं एक वॉरंट दिसत होतं. बदलीवर बसलेल्या शिपायाने सुटका थांबवली, आणि त्याचं बरोबरच होतं. पण ते वॉरंट केव्हाच रद्द झालं होतं. रद्द झाल्याचं पत्र आलं होतं, त्याची नोंद तेवढी व्हायची होती. पत्र कपाटात, कपाटाला कुलूप, चावी संपावर गेलेल्या लिपिकाच्या खिशात आणि त्याचा फोन बंद. शुक्रवारी त्या कोर्टाला फोन लावले, पण उपयोग झाला नाही. मध्ये शनिवार-रविवार आला. पोराची आई रोज सकाळी गेटवर यायची, 'दादा, आज होईल का?' असं पहाऱ्यावरच्या शिपायाला विचारायची आणि समोरच्या टपरीपाशी दिवसभर बसून राहायची. सोमवारी संध्याकाळी संप मिटला. मंगळवारी कपाट उघडलं, वरच्याच फायलीत पत्र होतं. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी पोरगा सुटला.

त्या लिपिकाला मी वाईट म्हणणार नाही. हुशार, प्रामाणिक मुलगा. पण संप त्याचा होता, चावी सरकारची होती, आणि त्या पत्रावर हक्क तिसऱ्याच माणसाचा होता.

म्हणून सांगतो, संपावर जायचंय तर जा, पण चार्ज देऊन जा. आदल्या दिवशी बसून अर्धवट नोंदी पुऱ्या करा. येत्या आठवड्यात कोणाची शिक्षा संपते, कोणाची माफी धरायची राहिली आहे, कोणाची कोर्टाची तारीख आहे, हे एका कागदावर लिहून तुरुंगाधिकाऱ्यांची सही घ्या. चाव्या मोजून द्या. फोन चालू ठेवा. 'अमुक पत्र कुठे आहे?' याचं उत्तर दिल्याने कोणाचा संप फुटत नाही. 1977 च्या डिसेंबरात सुरू झालेला 54 दिवसांचा संप पाहिलेली जुनी मंडळीही आम्हाला हेच सांगायची.

कायदाही माहीत असू द्या. वर्तणूक नियमांत संपाला परवानगी नाही. सरकारी नोकराला संपाचा मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये तामिळनाडूच्या खटल्यात सांगितलं. आमच्या काळी लागू असलेल्या 1894 च्या कारागृह कायद्याचं कलम 54 तर आणखी कडक. परवानगीशिवाय किंवा दोन महिन्यांची लेखी सूचना न देता काम सोडलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे सांगून मला कोणाला घाबरवायचं नाही. काय पणाला लावतोय, ते समजून पाऊल टाका.

आता मागे राहणाऱ्यांबद्दल. माणसं कमी पडली की शिकलेल्या सिद्धदोष बंद्याला, म्हणजे राइटरला, रजिस्टरवर बसवण्याचा मोह होतो. अजिबात बसवू नका. दुसऱ्याची केस, घरचा पत्ता, सुटकेची तारीख त्याच्या हाती गेली की बराकीत त्या माहितीचा बाजार होतो. तुम्हालाही भलतंच काम सांगितलं जाईल: झडती घ्या, बराकीच्या किल्ल्या धरा. ज्याचं प्रशिक्षण नाही ते काम नम्रपणे नाकारा. वरून आग्रहच झाला तर लेखी आदेश मागा. तोंडी हुकमावर झालेल्या चुकीचं खापर तुमच्यावर फुटतं. दवाखान्यात मिश्रक नसेल तर मिरगीच्या, मधुमेहाच्या, क्षयाच्या रुग्णांची बराकवार यादी आधीच काढलेली हवी. मनोविकाराच्या गोळ्या आठवड्याच्या एकदम हातात देऊ नयेत. त्या साठवल्या जातात, विकल्या जातात आणि कधी एकदम गिळल्या जातात.

अलार्म झाला की पहिली ऊर्मी गेटकडे पळण्याची असते. पळू नका. पळणारा माणूस अरुंद वाटेत धावत येणाऱ्या शिपायांच्या आडवा येतो, आणि त्याच्यामागे बंदीही धावतात. आमच्या सुतारकामाच्या निदेशकांना मी अशा वेळी जवळून पाहिलंय. घंटा वाजली तशी त्यांनी सगळ्यांना हातातली हत्यारं बाकावर ठेवायला लावली, माणसांना भिंतीशी बसवलं आणि एकेक पटाशी मोठ्याने मोजली. आकडा जुळेपर्यंत दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. शिपाई आले तेव्हा निदेशकांनी आधी हत्यारांचा आकडा सांगितला, मग माणसांचा. शिक्षकांनीही हेच करावं: वर्ग बसता ठेवावा, हजेरी घ्यावी, आवाज चढवू नये.

कोविडच्या दिवसांचं वेगळं. 23 मार्च 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना उच्चाधिकार समित्या नेमायला सांगितलं आणि आमच्याकडे तात्पुरत्या जामिनाचे, आकस्मिक अभिवचन रजेचे, म्हणजे पॅरोलचे अर्ज येऊन पडले. मुलाखती बंद, कारागृहं कुलूपबंद, अधिकारी-शिपाई आतच मुक्कामाला. बाहेरची भीती आत आली होती आणि आतल्या माणसाला घरच्यांची खबर नव्हती. तेव्हा कळलं की बंद्याला फोनवर दोन मिनिटं घरच्यांशी बोलायला मिळालं की अख्खी बराक शांत राहते. तुम्हाला जे खरं माहीत असेल ते त्याला सांगा. 'बघू, होईल' हे खोटं आश्वासन देऊ नका, बाहेरच्या अफवा आत नेऊ नका, आणि दया आली म्हणून कोणाची चिठ्ठी तर मुळीच नेऊ नका.

संप मिटल्यावर पहिल्या सकाळी आवक-जावक बघत बसू नका. जामीन होऊनही आत असलेल्यांची यादी आधी काढा. जामिनदार नाही, रक्कम भरता येत नाही, म्हणूनही कित्येकजण अडकलेले असतात. 31 जानेवारी 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे जामीन मिळून सात दिवसांत सुटका झाली नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. ते पत्र तयार करून साहेबांपुढे ठेवणं हे लिपिकाचं काम, आणि संपाचे दिवस त्या सातांतून वजा होत नाहीत.