सरकत्या चोवीस तासांचे गणित

सुरत-धुळे महामार्गावरील विसरवाडी हे नवापूर तालुक्यातील गाव. याच तालुक्यात ऑगस्ट २०१८ मध्ये अतिवृष्टी होऊन रंगावली नदीला पूर आला व जीवितहानी झाली. पावसाच्या मोजणीतील एक बारकावा म्हणूनच समजून घेणे अगत्याचे आहे.

हवामान खात्याचा पर्जन्यदिन सकाळी साडेआठला संपतो. समजा, विसरवाडीस पहाटे सहापासून साडेआठपर्यंत ४० मि.मी. व पुढे अकरापर्यंत आणखी ४० मि.मी. पाऊस झाला. नोंदवहीत दोन दिवसांचे ४०-४० मि.मी. दिसतील. जमिनीवर मात्र पाच तासांत ८० मि.मी. पाणी पडलेले असेल. म्हणजेच अतिवृष्टीची ६५ मि.मी.ची मर्यादा ओलांडलेली असेल.

यास्तव इशाऱ्यासाठी 'मागील २४ तास' ही घड्याळाबरोबर सरकणारी मुदत धरणे इष्ट होय. दर १० मिनिटांनी नोंद घेतल्यास तीत १४४ नोंदी येतात. प्रत्येक वेळी साऱ्यांची नव्याने बेरीज केल्यास, केंद्रे व नोंदी वाढतील तसतसे संगणकाचे काम अनेक पटींनी वाढते. त्याऐवजी जुन्या बेरजेत नवी नोंद मिळवावी व मुदतीबाहेर गेलेली वजा करावी. १४३ बेरजांचे काम दोन क्रियांत होते. संपर्क तुटल्याने उशिरा पोचलेली नोंद मात्र पाऊस पडल्याच्या वेळेवरच मांडली पाहिजे. अन्यथा बेरीज चुकते.

शाळा व ग्रामपंचायतींनी पर्जन्यमापकाच्या प्रत्येक नोंदीपुढे वेळ लिहिल्यास हेच गणित फळ्यावरही शिकविता येईल.