नागीण झाली म्हणून कॅन्सर होत नाही

देवणीजवळच्या एका गावातले मामा परवा कमरेला गेरू थापून दवाखान्यात आले. नागीण झाली होती. चार दिवस गावातल्या जाणत्याकडून ती ‘उतरवून’ घेतली. फोड चिघळले, पू झाला. पण मामांना खरी धास्ती वेगळीच. नातवानं मोबाइलवर वाचलं होतं, नागीण म्हणजे हर्पिस आणि हर्पिसनं कॅन्सर होतो. वर कुठल्याशा लॅबमधून रक्तही तपासून आणलेलं: ‘हर्पिस आयजीजी पॉझिटिव्ह’. “सायब, आता किती दिवस?”

मामा, माझं रक्त तपासलं तरी पॉझिटिव्हच येईल. हा विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेला, एवढंच ती तपासणी सांगते. त्यावरून कॅन्सर ठरत नाही. पैसे वाया गेले.

माणसाला होणारे हर्पिस जातीचे विषाणू आठ. नागीण लहानपणीच्या कांजिण्यांच्या विषाणूची. तो मज्जातंतूत दडून राहतो आणि उतारवयात किंवा शुगर वाढली की डोकं वर काढतो. तापात ओठावर फोड येतात ते त्याच्या भावकीतले. या दोघांनी कॅन्सर होत नाही. आणि नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस दगावतो, हेही खोटं. फोड दिसल्यापासून ७२ तासांत गोळ्या सुरू झाल्या तर त्रास कमी होतो. तेच तीन दिवस तुम्ही गेरूत घालवता.

मग मोबाइलवरचं सगळंच खोटं? नाही. आठांपैकी दोघांचा कॅन्सरशी संबंध सिद्ध झालेला आहे. त्यातला एपस्टाइन-बार विषाणू १९६४ मध्ये आफ्रिकेतल्या मुलांच्या जबड्याच्या गाठींमध्ये सापडला. काही लिम्फोमा आणि नाकामागच्या घशाचा कॅन्सर यांत त्याचा हात असतो. हा दुसरा कॅन्सर आपल्या देशात नागालँडकडे जास्त दिसतो. पण लाळेतून पसरणारा हा विषाणू जगातल्या दहातल्या नऊ मोठ्या माणसांच्या अंगात आहे आणि कॅन्सर होतो अगदी थोड्यांना. नुसत्या विषाणूनं भागत नाही. आफ्रिकेतल्या त्या मुलांना वरून सततचा मलेरिया होता.

एकेकाळी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा आळही हर्पिसवर होता. जर्मनीच्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी खरा दोषी दाखवला, एचपीव्ही. हा हर्पिस नव्हे, वेगळ्याच घराण्यातला. २००८ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं.

आता आपल्या शेजारचीच गोष्ट. टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयानं १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास केला. ज्या गावांत एकदाच एचपीव्ही तपासणी झाली, तिथं या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे छापून आलं, जगभर गाजलं, आणि आमच्या भागातल्या बायकांना अजून ठाऊक नाही.

मामांसोबत मामीही आल्या होत्या, दाराशी उभ्या. पाळी जाऊन सात वर्षं झालेली, आणि दोन महिन्यांपासून पुन्हा अंगावरून लाल जातंय. हे त्यांनी नर्सला सांगितलं, तेही निघताना. गोठ्यातला देवणी वळू एक दिवस चारा खाईना तर जनावरांच्या डॉक्टरला फोन जातो. घरची बाई दोन महिने अंगावर काढते! मामींना त्याच दिवशी लातूरला पाठवलं. गाठ छोटी आहे, उपचार सुरू झालेत, बऱ्या होतील अशी पुरेपूर आशा आहे.

भ्यायचंच असेल तर याला भ्या: पाळी गेल्यावरचं किंवा संबंधानंतरचं रक्त, घाण वासाचं पांढरं पाणी, मानेत तीन आठवड्यांत न जिरणारी गाठ, एकाच बाजूचा कान सतत बंद आणि नाकातून रक्त. कारण नसताना ताप, रात्री घाम आणि वजन उतरणं. आणि नागीण डोळ्याजवळ आली तर त्याच दिवशी दवाखाना.

तिशीपुढच्या बाईची गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, दुखत नाही, पाच-दहा मिनिटांचं काम. मुलींसाठी एचपीव्हीची लस आहे. ती ९ ते १४ या वयात द्या. हर्पिसच्या तपासणीवर मात्र एक रुपयाही घालवू नका.