प्रबंधातील शीर्षकांची उतरंड



प्रबंधाची जुळणी लाटेकमध्ये करण्याचे ठरले आहे, तेव्हा मजकूर भरण्याआधी शीर्षकांची उतरंड ठरवून घेणे अगत्याचे आहे. डोनाल्ड नूथ यांच्या टेक या अक्षरजुळणी-प्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात लाटेकची उभारणी केली, ती लेखकाने मजकुराची रचना सांगावी आणि तिचे रूप प्रणालीने सांभाळावे, या तत्त्वावर. त्यामुळे एखादी ओळ हाताने ठळक व मोठी केली, तर वाचकाला ती शीर्षक वाटते खरी, पण प्रणालीच्या लेखी ती साधी ओळच राहते. तिला क्रमांक मिळत नाही आणि ती अनुक्रमणिकेतही जात नाही.

‘बुक’ या पुस्तकासाठीच्या साच्यात पार्ट, चॅप्टर, सेक्शन, सबसेक्शन आणि त्याखाली आणखी तीन अशा पायऱ्या आहेत. लेखासाठीच्या ‘आर्टिकल’ साच्यात मात्र चॅप्टर नाही. ‘बुक’मध्ये क्रमांक मुळात सबसेक्शनपर्यंतच, म्हणजे २.३.१ असे, पडतात. ही मर्यादा ‘सेकनमडेप्थ’ या मूल्याने वाढवता येते, परंतु चार-पाच आकड्यांचा क्रमांक लागू लागला, तर बहुधा विवेचनाचीच फोड चुकलेली असते, आणि तेथे मूल्य न वाढवता प्रकरण पुन्हा विभागावे, हेच श्रेयस्कर. एका सेक्शनखाली एकच सबसेक्शन उरणे हेही त्याच दोषाचे लक्षण होय. मधली पायरी गाळून चॅप्टरखाली थेट सबसेक्शन दिले, तर प्रणाली अडवत नाही, १.०.१ असा क्रमांक छापते. ते मधले शून्य परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही.

प्रस्तावनेसाठी तारांकित आज्ञा, म्हणजे नावापुढे फुली लावलेली आज्ञा, वापरली की क्रमांक जातो, पण अनुक्रमणिकेतील नोंदही जाते. त्यापेक्षा ‘फ्रंटमॅटर’ ही आज्ञा आधी द्यावी, म्हणजे चॅप्टर क्रमांकाविना छापले जाते आणि नोंद टिकते. शीर्षक लांबलचक असल्यास त्याचे आटोपशीर रूप चौकटी कंसात द्यावे. अनुक्रमणिकेत व पानाच्या माथ्यावर तेच उमटते.

‘प्रकरण ३ पाहा’ असा आकडा मात्र कधीही हाताने लिहू नये. शीर्षकाला ‘लेबल’ ही खूण जोडून ‘रेफ’ने तिचा उल्लेख केला, तर प्रकरणांचा क्रम कितीही बदलला तरी संदर्भ अचूक राहतात, फक्त प्रत्येक बदलानंतर संकलन निदान दोनदा करावे, कारण पहिल्या फेरीत क्रमांक टिपले जातात आणि पुढच्या फेरीत ते जागच्या जागी बसतात.