चित्रफितीतून स्थिरचित्र

अर्धापूर परिसर केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. वादळाने बाग आडवी झाली की शेतकरी मोबाईलवर चित्रफीत घेतो; अहवालास मात्र छायाचित्र जोडावे लागते. सेकंदास २५ चित्रे या गतीने एका मिनिटात १,५०० चित्रे साठतात. फोटोशॉपमध्ये ‘फाईल’, ‘इम्पोर्ट’, ‘व्हिडिओ फ्रेम्स टू लेयर्स’ या क्रमाने निवडक भाग उघडावा. कॅमेरा स्थिर असतानाचे सुस्पष्ट चित्र ठेवून इतर थर लपवावेत व ते वेगळ्या नावाने जतन करावे. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे चित्र इंचास ३०० बिंदू या प्रमाणात ६.४ इंच रुंद छापता येते. काढलेल्या चित्रासोबत चित्रीकरणाच्या वेळेची नोंद येईलच असे नाही. म्हणून मूळ चित्रफीत जपून ठेवणे अगत्याचे आहे.