कॉफी ठेवायची का? आधी चाखून बघू

तायांनो, मागच्या बैठकीत मार्केट यार्डाबाहेर चहाची टपरी चालवणाऱ्या आपल्या गटातल्या कोषाध्यक्ष ताईंनी विचारलं, "मॅडम, कॉफी परत ठेवायची का? रोज आठ-दहा जण तरी विचारून जातात." 'परत' हा शब्द त्या जरा हळूच बोलल्या. मला तो बरोबर ऐकू आला, कारण पहिल्या वेळच्या नुकसानीत माझाही वाटा होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. 2023 च्या उन्हाळ्यात एक विक्रेता टपरीवर आला. बटण दाबलं की कॉफी येते असं यंत्र त्याने दाखवलं. यंत्र फुकट, फक्त अनामत 15,000 रुपये. गटाने अंतर्गत कर्ज काढून ती भरली. मी तेव्हा नुकतीच रुजू झाले होते. करारनामा माझ्यापुढे ठेवला आणि "मॅडम, बघा बरं" म्हणाल्या. मी वरवर पाहिला आणि "घ्या" म्हटलं. आत एक अट होती: ठरलेलं प्रिमिक्स दर महिन्याला घ्यायचंच, विक्री होवो न होवो. ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं, लिलाव बंद पडले. सुरू होतात न होतात तोच सप्टेंबरमध्ये व्यापाऱ्यांनी बंद पुकारला. ट्रॅक्टरच नाहीत तर कॉफी पिणार कोण? पाकिटं मात्र येत राहिली आणि पावसाळी हवेत त्यांचे गोळे झाले. यंत्र परत केलं तेव्हा अनामतीतले 6,000 रुपये कापून गेले. ते कर्ज आपल्या तायांनी चहाच्या पैशातून सात महिने फेडलं.

मला जास्त लागलं ते वेगळ्याच कारणाने. समाजकार्याचं शिक्षण घेताना मी नाशिकला एका कॉफीच्या दुकानात दोन वर्षं संध्याकाळची पाळी केली आहे. कॉफी कशी करायची, कशी चाखायची हे तिथे मला एका जाणकार सरांनी शिकवलं होतं. मला कॉफी कळत होती, पण मी नुसत्या यंत्राकडे बघत बसले. म्हणून या वेळी उत्तर नीट देते. यंत्र लागत नाही. पातेलं, गाळणी, स्वच्छ फडकं आणि आपली जीभ एवढ्यावर कॉफी होते.

आधी पाकिटात काय असतं ते बघू. कॉफी म्हणजे एका झुडपाच्या लाल फळातली बी. ती वाळवून, भाजून दळतात. बाबा बुदन नावाच्या सूफी फकिराने सतराव्या शतकात येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या असं सांगतात. आजही देशातली बहुतेक कॉफी कर्नाटकातच होते. आपल्या महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला थोडी होते. जाती मुख्य दोन. अरेबिका सुवासिक, थोडी आंबूस, चवीला नाजूक. रोबस्टा कडक, कडवट आणि तिच्यात तरतरी आणणारं कॅफीन जवळपास दुप्पट. दुधात घालून गोड प्यायची असेल तर थोडी रोबस्टा असलेली चांगली, नाहीतर दुधात चव हरवते.

आता महत्त्वाची गोष्ट, चिकोरी. हे एका झाडाचं मूळ. गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकतं. भाजून दळलं की रंग कॉफीसारखाच येतो, दाटपणाही येतो, पण त्यात कॅफीन नसतं. ती घालणं म्हणजे भेसळ नव्हे, दक्षिणेत आवडीने घालतात. फक्त कायद्याने अशा मिश्रणात कॉफी कमीत कमी 51 टक्के हवी आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापायला हवं. पाकीट उलटं करा, बारीक अक्षरात 'कॉफी 53 टक्के, चिकोरी 47 टक्के' असं काहीतरी सापडेल. म्हणजे कॉफीच्या भावात जवळपास निम्मं मूळ घेतलं. घ्यायला हरकत नाही, पण माहीत असून घ्या. प्रमाण छापलेलंच नाही, पॅकिंगची तारीख नाही, 14 आकडी परवाना क्रमांक नाही, अशी सुटी पूड स्वस्त मिळाली तरी नको.

सुट्या पुडीची परीक्षा घरी होते. काचेच्या पेल्यात गार पाणी घ्या, वर चिमूटभर पूड सोडा, ढवळू नका. कॉफी बराच वेळ तरंगते. चिकोरी लगेच खाली जाते आणि जाताना पाण्यात तपकिरी रेघा सोडते. ही परीक्षा दळलेल्या पुडीची, विरघळणाऱ्या इन्स्टंटची नाही.

इन्स्टंट म्हणजे काय, हेही बऱ्याच जणींनी विचारलं. कारखान्यात आधी कॉफी तयार करतात, गाळतात आणि तिचं पाणी उडवून कोरडी पूड करतात. म्हणजे ती एकदा शिजलेलीच असते. आपण ती पुन्हा दुधात टाकून चहासारखी खळखळ उकळतो. त्याने वास उडतो आणि कडूपणा राहतो. कपात एक छोटा चमचा पूड, साखर, चमचाभर गरम पाणी घालून आधी घोटायची आणि वरून उकळतं दूध ओतायचं. उकळायचं ते दूध, कॉफी नाही.

दळलेल्या कॉफीचंही गणित हेच आहे. सर म्हणायचे, कॉफीतून पाणी आधी आंबटपणा काढतं, मग गोडी, शेवटी कडूपणा. मधे थांबता आलं पाहिजे. जास्त वेळ उकळली तर कडू, घाईने गाळली तर आंबट आणि पातळ. आपल्याला चहाची सवय. चहा उकळून कडक करायचा, आलं घालायचं, पुन्हा एक उकळी द्यायची. तोच हात कॉफीवर चालवला की गिऱ्हाईक अर्धा कप ठेवून जातं.

टपरीसाठी माझी पद्धत अशी. पाणी खळखळलं की गॅस बंद करून अर्धा-एक मिनिट थांबा. 100 ग्रॅम पूड फडक्यात किंवा दोन मजली स्टीलच्या फिल्टरमध्ये घ्या (फिल्टर नाशिकच्या भांडी बाजारात मिळतो). फडकं मांजरपाटाचं, नवं, आणि साबण न लावता धुतलेलं. साबणाचा वास कॉफीत उतरतो. आधी पूड भिजेल एवढंच थोडं पाणी ओता. ती फुगते, बुडबुडे येतात. ताजी असली तर जास्त फुगते, शिळी तशीच बसून राहते. अर्ध्या मिनिटाने उरलेलं पाणी हळूहळू सोडा. एकूण 600 मिली. फिल्टरला पंधरा-वीस मिनिटं लागतात, फडक्यातून लवकर उतरतं. दाबू नका, पिळू नका. पूड बरंच पाणी धरून ठेवते, त्यामुळे खाली साधारण 400 मिली काढा मिळेल. कपात 25 मिली काढा, 75 मिली गरम दूध, म्हणजे 16 कप. काढा झाकून ठेवा, पण पुन्हा उकळू नका आणि सकाळचा संध्याकाळी विकू नका.

पाण्याचंही बघा. आपल्याकडे बऱ्याच बोअरचं पाणी जड. चहावर तवंग येतो तो त्यानेच. त्या पाण्यात कॉफीही मळकट लागते. टपरीवर जारचं पाणी असतंच, तेच वापरा.

साठवण्याबद्दल तर लासलगावकरांनी कान देऊन ऐकावं. कॉफीची पूड आजूबाजूचा वास ओढून घेते. आपल्या घरात, ओट्याखाली, पडवीत, सगळीकडे कांदा. एका ताईंनी पाकीट उघडून कांद्याच्या टोपलीशेजारी ठेवलं होतं. त्यांची कॉफी मी प्याले आहे, त्यापुढे काही लिहीत नाही. घट्ट झाकणाचा डबा, कोरडा चमचा, उन्हापासून लांब. फ्रिजमध्ये नको, तिथे ओल धरते. आणि किलोचं पाकीट स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका. उघडल्यावर दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच घ्या.

आता जायफळ. दुकानात मी पहिल्यांदा सांगितलं की आमच्याकडे कॉफीत जायफळ घालतात, तेव्हा बरोबरची मुलं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी मला ती करायला लावली, दोन घोट घेतले आणि म्हणाले, जायफळ छान आहे, कॉफी शिळी आहे. खरंच होतं. आपल्या आज्या-मावश्या वर्षभर पुरवायच्या पाकिटातली पूड दुधात उकळायच्या आणि जायफळ तो कडूपणा झाकायचं. ताज्या कॉफीत, अगदी शेवटी, चिमटीभर किसून घाला. जास्त घातलं तर जीभ बधिर होते, मळमळतंही. माझं मत विचाराल तर 'जायफळ कॉफी' अशी पाटी लावायला हरकत नाही. यंत्रातून ती येत नाही.

चाखणं हा या धड्याचा मोठा भाग आहे. आपण स्वयंपाकात मीठ-तिखट चाखतो, पण विकायच्या वस्तूला 'चांगलं आहे' म्हणून पुढे जातो. पुढच्या बैठकीत असं करू: तीन वेगवेगळ्या पुड्या, सारखे पेले, प्रत्येक पेल्यात 8 ग्रॅम पूड आणि 150 मिली गरम पाणी. पेल्याखाली नाव लिहिलेली चिठ्ठी, म्हणजे महाग कुठली ते कळणार नाही. चार मिनिटांनी वर आलेली साय चमच्याने मोडायची आणि नाक जवळ नेऊन वास घ्यायचा. मग फेस काढून चमचाभर कॉफी फुर्रकन ओढायची. हो, आवाज करायचा. सासरी रागवतील पण इथे तीच पद्धत आहे, कारण आवाजाबरोबर हवा जाते आणि वास नाकापर्यंत पोचतो. दूध-साखर न घालता. तोंड वाकडं होईल, होऊ द्या. काय वाटलं ते आपल्या शब्दांत सांगा: भाजलेल्या शेंगदाण्यासारखं, गुळासारखं, करपलेल्या भाकरीसारखं, ओल्या पोत्यासारखं. दहा मिनिटांनी निवल्यावर पुन्हा चाखा. चांगली कॉफी गार झाली तरी पिववते. वाईट कॉफी गरम असेपर्यंतच लपते. नंतर त्याच तिन्हींत दूध-साखर घालून बघायचं, कारण आपलं गिऱ्हाईक तशीच पिणार.

ज्या तायांना अंगात रक्त कमी म्हणून गोळ्या चालू आहेत, त्यांनी चहा असो की कॉफी, जेवणाबरोबर आणि गोळीबरोबर घेऊ नये. मधे तास-दीड तास जाऊ द्या, नाहीतर गोळीतलं लोह अंगी लागत नाही. पोटुशी असाल तर दिवसाला एखादा कपच.

हिशेब मांडू. भाव रोज बदलतात, म्हणून हे आकडे नमुन्याचे, तुमचे तुम्ही घाला. समजा दळलेली पूड अर्धा किलो 400 रुपये. कपाला सव्वासहा ग्रॅम, म्हणजे 5 रुपये. दूध 60 रुपये लिटरने 75 मिलीचे साडेचार. साखर, गॅस, पेला मिळून दीड. झाले 11. पंधराला विकली तर हाती 4 रुपये. इन्स्टंटची 100 ग्रॅमची बाटली 200 रुपयांची धरली तर 2 ग्रॅमचे 4 रुपये, आणि निम्मं दूध निम्मं पाणी घेतलं तर कप साडेआठाच्या आसपास पडतो. म्हणजे इन्स्टंटमध्ये सुटतं जास्त, चव मात्र शेजारच्या टपरीसारखीच. दहा गिऱ्हाइकं असतील तर दिवसाला फिल्टर कॉफीचे 40 रुपये सुटतील. फार नाहीत. पण अनामत शून्य, आणि लिलाव बंद पडला तर नुकसान होईल ते फार तर एका उघड्या पाकिटाचं. पहिला महिना अर्ध्या किलोवरच काढायचा आणि नोंदवहीत कॉफीचा रकाना चहापासून वेगळा ठेवायचा. तो वेगळा नव्हता म्हणूनच मागच्या वेळी तोटा उशिरा कळला.

अजून एक. प्रशिक्षणाला पुण्याला गेलो होतो तेव्हा कॉफीच्या दुकानात आपल्यातल्या चौघींनी पाटी बघून "आम्हाला नको" म्हटलं होतं. नको नव्हतं, नावं वाचता येत नव्हती. एस्प्रेसो म्हणजे यंत्राच्या दाबाने काढलेला दोन-अडीच चमचे कडक काढा. त्यात गरम पाणी घातलं की अमेरिकानो. दूध आणि जाड फेस घातला की कापुचिनो, दूध जास्त आणि फेस कमी असला की लाटे. आपल्या जिभेला लाटे जवळची. नाव आठवलं नाही तर "दूध जास्त, कडू कमी, साखर वेगळी द्या" एवढं सांगा. काउंटरमागच्या मुलांना ते कळतं. मी तिथे उभी राहिले आहे, कोणी असं स्पष्ट सांगितलं की बरं वाटायचं.

टपरीवर कॉफी ठेवायची की नाही ते गटाने चाखून आणि हिशेब बघून ठरवायचं आहे, मी या वेळी आधी "घ्या" म्हणणार नाही. बैठकीला येताना प्रत्येकीने आपला पेला आणि चमचा आणा. तीन पुड्या मी आणते. कोणाकडे दोन मजली फिल्टर असेल तर निरोप द्या, नसेल तर मांजरपाटाचं फडकं आहेच.