बोहोल बेटाची ओळख

फिलिपाइन बेटांचा नकाशा प्रथमच पाहणारा मनुष्य गोंधळून जातो. ७,०००हून अधिक बेटें एका दृष्टींत मावत नाहींत. म्हणून आज आपण त्यांतील एकच बेट घेऊं. उत्तरेस लुझोन व दक्षिणेस मिंडानाओ हीं दोन मोठीं बेटें सांपडलीं कीं, त्यांच्या मधल्या समुद्रांत, फळ्याखालीं खडूचे तुकडे पडावेत तसा, बेटांचा एक पुंजका दिसेल. ह्यास विसायस म्हणतात. त्याच्या दक्षिण भागांत, सेबू व लेते ह्या दोन बेटांच्या कुशींत, जवळजवळ वाटोळें असें जें बेट आहे तें बोहोल. आपल्या कोची शहरापासून पूर्वेकडे सरळ रेघ ओढीत गेलें, तर ती थायलंडची चिंचोळी पट्टी ओलांडून थेट ह्या बेटावर येऊन पोंचते. तेव्हां तेथील हवा, माड, भातखाचरें व मासळी हीं आपल्या कोंकण-मलबारच्या मनुष्यास मुळींच परकीं वाटणार नाहींत.

बोहोल हें बेट, व त्याच्या भोंवतालचीं लहान बेटें, मिळून एक प्रांत होतो. क्षेत्रफळ गोव्याहून कांहींसें अधिक. १९२०च्या सुमाराची जुनी भूगोलाची पुस्तकें कोणाच्या घरीं असतील तर त्यांतील लोकसंख्येचा आंकडा घेऊं नये. २०२०च्या शिरगणतीप्रमाणें ती १३,९४,३२९ आहे. मुख्य शहर ताग्बिलारन. त्याच्यालगतचें पांग्लाव बेट पुलांनीं जोडलेलें असून, तेथील पांढऱ्या वाळूसाठीं देशोदेशींचे प्रवासी येतात. प्रवाशांविषयीं अधिक लिहीत नाहीं. ते सगळीकडे सारखेच.

बेटाच्या मध्यभागीं मात्र जगांत फार थोड्या ठिकाणीं दिसेल असा देखावा आहे. कार्मेन, बातुआन व साग्बायन ह्या गांवांच्या परिसरांत १,२००हून अधिक टेकड्या एकमेकींस खेटून उभ्या आहेत. कुंभाराच्या अंगणांत मडकीं पालथीं घालून वाळत ठेवावींत तशा त्या दिसतात. बहुतेकींची उंची ३० ते ५० मीटर. कांहीं त्याहून उंच. त्यांच्यावर झाडें क्वचितच, सारें गवतच. पावसाळ्यांत त्या हिरव्यागार असतात, आणि उन्हाळ्यांत गवत करपलें म्हणजे तपकिरी होतात; त्यावरूनच त्यांस ‘चॉकलेट टेकड्या’ असें नांव पडलें. आरोगो नांवाचा एक राक्षस आपली प्रिय स्त्री मरण पावली म्हणून रडला, व त्याचे अश्रु वाळून ह्या टेकड्या झाल्या, अशी तेथील एक कथा आहे. भूस्तरशास्त्र सांगतें तें ह्याहून कमी नवलाचें नाहीं. लाखों वर्षांपूर्वीं हा सर्व भाग समुद्राच्या तळाशीं होता. पोवळीं व शंखशिंपले साचून तेथें चुनखडीचा खडक बनला. पृथ्वीच्या पोटांतील हालचालीनें तो पाण्याबाहेर उचलला गेला. आणि मग पावसाच्या पाण्यानें तो विरघळवीत, झिजवीत ह्या टेकड्या कोरून काढल्या. ही गोष्ट ध्यानांत ठेवा. कारण बोहोलच्या इतिहासांत हा पोवळ्याचा दगड वारंवार पुढें यावयाचा आहे.

तेथील जंगलांत टार्सियर नांवाचा एक मुठीएवढा प्राणी आहे. त्याचे डोळे इतके मोठे कीं ते खोबणींत हलूं शकत नाहींत. म्हणून तो मानच जवळजवळ पाठीपर्यंत फिरवितो. रात्रीं किडे धरून खातो, दिवसा झाडास चिकटून झोंपतो.

लोकांच्या उद्योगांपैकीं एक सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आपल्याकडे मिठागरांत उन्हानें पाणी आटवून मीठ काढतात. बोहोलच्या दक्षिण किनाऱ्यावर अल्बुर्केर्के येथें कांहीं मोजकीं कुटुंबें निराळीच रीत पाळतात. नारळाचीं सोडणें कित्येक महिने खाऱ्या पाण्यांत भिजवून ठेवावयाचीं, मग वाळवून जाळावयाचीं, त्या राखेंतून समुद्राचें पाणी गाळावयाचें, आणि तें दाट झालेलें खारें पाणी मातीच्या मडक्यांत घालून भट्टीवर तासन् तास आटवावयाचें. शेवटीं मडक्याचा तळ फुटतो, व आंत दगडासारखा घट्ट मिठाचा गोळा राहतो. तो किसून भातावर घालतात. कांद्या-बटाट्यांहून ह्या लोकांना जांभळ्या कोनफळाचा फार अभिमान. तें हातून जमिनीवर पडलें तर उचलून त्याचें चुंबन घेण्याची तेथें रीत आहे. अन्नाला पाय लागला असतां आपली आजी काय करते, तें आठवावें.

आतां इतिहासाकडे वळूं. १५६५च्या मार्च महिन्यांत मिगेल लोपेस द लेगास्पी हा स्पॅनिश सरदार आपलीं गलबतें घेऊन बोहोलच्या किनाऱ्यास लागला, तेव्हां गांवकरी डोंगरांत पळून गेले. कारण काय, तर दोन-तीन वर्षांपूर्वींच मोलुक्कास बेटांकडून आलेल्या पोर्तुगीजांनीं व त्यांच्या साथीदारांनीं तेथें लूट करून माणसें मारलीं व धरून नेलीं होतीं. ज्यांच्या ताब्यांत त्या काळीं आपलें गोवें व वसई होती तेच हे पोर्तुगीज. आम्ही ते नव्हेत, अशी लेगास्पीनें बोर्निओच्या एका खलाशामार्फत खात्री पटविली. मग सिकातुना नांवाचा तेथील नायक व लेगास्पी ह्या दोघांनीं आपापल्या अंगांतून थोडें रक्त काढून, पेयांत मिसळून, तें परस्परांचें प्राशन केलें. ह्या रक्ताच्या शपथेनें दोन माणसें भाऊ होतात अशी त्या बेटांची समजूत होती. ताग्बिलारन येथें ह्या प्रसंगाचें सुंदर शिल्प आहे. तें नापोलेऑन आबुएवा ह्या बोहोलच्याच सुपुत्रानें घडविलें आहे. परंतु सिकातुनास भाऊ म्हणणाऱ्या राजसत्तेनें पुढें त्याच्या वंशजांकडून खंडणी घेतली व वेठ करविली, हेंही खरें.

१५९६ सालीं जेसुइट संघाचे पाद्री बाक्लायोन येथें आले. त्यांनीं लोकांची भाषा शिकून धर्म शिकविला, हें त्यांचें श्रेय कोणीही नाकारूं नये. लोबोक गांवाची गाण्याबद्दल कीर्ति आहे, व तेथील शाळकरी मुलांचें गायनमंडळ परदेशांतही नांवाजलें गेलें, त्याचीं मुळें ह्या जुन्या मंदिरसंगीतांतच आहेत. १७२७ सालीं बाक्लायोनचें दगडी मंदिर पुरें झालें. त्याचे दगड म्हणजे समुद्रांतून काढून चौकोनी घडविलेलीं पोवळीं. चुन्यांत अंड्यांचा पांढरा बलक घातला होता, व तीं अंडीं लाखांनीं लागलीं, असें सांगतात. तो दगड पाण्यांतून उचलून किनाऱ्यावर वाहून आणणारे हात वेठीचे होते. मंदिर पाहतांना हे हात दृष्टीआड होतात.

ह्या मंदिरांच्या सावलींतच, बेटाच्या वायव्य भागांतील इनाबांगा गांवीं, १७४४ सालीं एक प्रकार घडला. तेथील जेसुइट धर्मगुरु गास्पार मोरालेस ह्यांनीं धर्म सोडून पळालेल्या एका माणसास पकडून आणण्याचा हुकूम सागारिनो नांवाच्या शिपायास दिला. झटापटींत शिपाई मारला गेला. त्याचा भाऊ फ्रान्सिस्को दागोहोय हा गांवचा एक प्रमुख. तो प्रेत घेऊन मंदिरांत आला व ख्रिस्ती विधीनें पुरण्याची त्यानें विनंति केली. धर्मगुरूंनीं नकार दिला. द्वंद्वांत मेलेल्यास ख्रिस्ती दफन द्यावयाचें नाहीं, असा त्या मंडळीचा नियम होता, व हें मरण द्वंद्वांतलेंच असें त्यांनीं ठरविलें. प्रेत तीन दिवस तसेंच पडून कुजलें.

येथें मला थांबावेंसें वाटतें. मीही ख्रिस्ती आहे, व ह्या शाळेंतील प्रार्थनेच्या तासाला तुमच्यापुढें उभा राहतों. ज्यानें हुकूम दिला त्याच्याच हुकमासाठीं जो मेला, त्याला माती नाकारतांना त्या गुरूंना प्रभूचा मृत देह मागून घेणारा अरिमथाईकर योसेफ आठवला नाहीं काय? नियम त्यांनीं पाळला. पण नियम ज्याच्यासाठीं केला त्या माणसास ते विसरले. पाद्री आपल्या धर्माचा म्हणून ही चूक झांकून ठेवणें मला प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. त्याचप्रमाणें पुढें झालें तेंही झांकतां येत नाहीं. दागोहोयच्या लोकांनीं १७४६ सालीं हाग्ना येथील पाद्री लाम्बेर्ती ह्यांस ठार केलें. त्या बिचाऱ्यांचा इनाबांगाच्या प्रेताशीं कांहीं संबंध नव्हता. पुढें मोरालेस ह्यांचाही तसाच शेवट झाला.

दागोहोयनें डोंगरांत जाऊन स्वातंत्र्याची द्वाही फिरविली. आरंभीं ३,००० लोक त्याच्यामागें गेले. पुढें ती संख्या २०,०००पर्यंत वाढली. एका प्रेताच्या अपमानासाठीं इतकीं माणसें उठतील काय? तें निमित्त होतें. खंडणी व वेठ हें खरें सरपण. ज्या चुनखडीच्या टेकड्या आपण वर पाहिल्या, त्यांच्याच पोटांतील गुहा ह्या लोकांच्या कामीं आल्या. त्यांनीं तेथें गांवें वसविलीं, शेतें केलीं, स्वतःचें राज्य चालविलें. १७६८ सालीं जेसुइट ह्या बेटांतून घालविले गेले व रेकोलेक्ट संघाचे पाद्री त्यांच्या जागीं आले. त्यांपैकीं बाक्लायोनच्या पेद्रो द सान्ता बार्बारा ह्या गुरूंनीं डोंगरांत दागोहोयकडे जाऊन समेटाचा प्रयत्न केला. तोही फळास आला नाहीं. दागोहोय केव्हां तरी डोंगरांतच मरण पावला, पण बंड त्याच्यामागें चालूच राहिलें. तें १८२९ सालीं, म्हणजे ८५ वर्षांनीं, मनिलाहून मोठें सैन्य आणल्यावर मोडलें. नातवांनीं आज्याची लढाई लढविली. १९,०००हून अधिक लोक शरण आले. त्यांस माफी देऊन नव्या गांवांत वसविण्यांत आलें, व बातुआन हें त्यांपैकींच एक. आज बोहोलमध्यें दागोहोयच्या नांवाचें गांव आहे.

स्पॅनिशांचा आणखी एक ठसा म्हणजे आडनांवें. १८४९ सालीं गव्हर्नर क्लाव्हेरिया ह्यांनीं आडनांवांची एक यादीच छापून गांवोगांव पाठविली. गोव्याच्या व वसईच्या ख्रिस्ती घरांतील पोर्तुगीज आडनांवें ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ह्याचें आश्चर्य वाटणार नाहीं.

१८९८ सालीं पॅरिसच्या तहानें स्पेननें २ कोटी डॉलर घेऊन हीं बेटें अमेरिकेस दिलीं. देणाऱ्यानें किंवा घेणाऱ्यानें बेटांवरील माणसांस विचारलें नाहीं. बोहोलमध्यें पेद्रो साम्सोन ह्यानें अमेरिकनांशीं झुंज दिली. त्या धामधुमींत अमेरिकन फौजेनें अनेक गांवें जाळलीं, व १९०१च्या अखेरीस शांतता झाली. मग इंग्रजी शाळा निघाल्या. जपान्यांनीं १९४२ ते १९४५ हा काळ बेट ताब्यांत ठेवलें. १९४६च्या ४ जुलै रोजीं देश स्वतंत्र झाला. तालिबोन गांवीं जन्मलेले कार्लोस गार्सिया, जे आरंभीं शिक्षक होते व स्वभाषेंत कविता करीत, ते १९५७ ते १९६१ फिलिपाइनचे अध्यक्ष होते. शिक्षकांस ही गोष्ट सांगावयास विशेष आवडते.

१५ ऑक्टोबर २०१३ रोजीं सकाळीं ८ वाजून गेले असतां बोहोलची जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता ७.२ होती. बेटावर व आसपास २००हून अधिक माणसें मेलीं. त्या दिवशीं मुसलमान बंधूंच्या ईदनिमित्त देशभर सुट्टी होती, म्हणून शाळा रिकाम्या होत्या. नाहींतर काय झालें असतें, त्याची कल्पना करवत नाहीं. लोओन व मारिबोहोक येथील मंदिरें पार कोसळून दगडांचे ढीग झाले. लोबोक व बाक्लायोन येथील मंदिरांची मोठी हानि झाली. वेठीच्या हातांनीं उभारलेलीं हीं मंदिरें त्या हातांच्या नातवंडांनीं टाकून दिलीं नाहींत. आरंभीं त्यांनीं मांडवांत उपासना केली. ढिगांतील दगड निवडून, त्यांस आंकडे घालून ठेवले. लोओनचें मंदिर २०२१ सालीं पुन्हां उघडलें. त्याच वर्षीं डिसेंबरांत मोठ्या वादळानें बेटास पुन्हां झोडपलें.

भूकंपानें दोन गोष्टी मागें ठेविल्या आहेत. लोओन व मारिबोहोकच्या किनाऱ्यावर समुद्राचा तळ वर उचलला गेला, व पाण्याखालचीं पोवळीं उन्हांत उघडीं पडलीं. चॉकलेट टेकड्या ज्या रीतीनें समुद्रांतून वर आल्या, त्या रीतीचें एक पाऊल लोकांनीं आपल्या डोळ्यांनीं पाहिलें. दुसरी गोष्ट इनाबांगाच्या हद्दींतील. तेथें शेतांमधून जमीन फाटून एक बाजू वर आली, व जेथें पूर्वीं सपाट रान होतें तेथें पुरुषभर उंचीहून अधिक अशी मातीची भिंत उभी राहिली. आतां तिच्यावर गवत वाढलें आहे, आणि भूस्तरशास्त्राचे अभ्यासक ती पाहावयास येतात.