पन्नास गुण वळूचे

प्रश्न : अमेरिकेतल्या रोडिओत वळूच्या पाठीवर आठ सेकंद टिकायचं असतं, एवढं माहीत आहे. पण दोन स्वार टिकले तर जिंकतो कोण? आणि वळू उसळावा म्हणून त्याचे वृषण आवळतात, हे खरं का?

उत्तर : आठ सेकंद काढले की स्वार फक्त गुणांना पात्र होतो. गुण शंभरपैकी. त्यातले 50 स्वाराचे आणि 50 चक्क वळूचे! या खेळातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. वळू मागचे पाय किती उंच झाडतो, गिरक्या कशा घेतो, मध्येच दिशा बदलतो का, हे पंच बारकाईने पाहतात. कोणाला कोणता वळू, हे सहसा चिठ्ठी टाकून ठरतं. वळू थंड निघाला तर पंच स्वाराला दुसरा वळू देऊ शकतात, कारण सोप्या जनावरावर टिकून पदरात फारसं काही पडत नाही.

धरायला एकच हात. वळूच्या छातीभोवती वेढलेल्या दोरात हातमोज्याची मूठ घट्ट बसावी म्हणून राळ चोळतात. मोकळा हात वळूला लागला की गुण गेले. दोराला पक्की गाठ नसते. खाली पोटाशी घंटा बांधलेली असते, म्हणजे मूठ सुटताच तिच्या वजनाने दोर गळून पडतो. मूठ अडकली, तर मात्र स्वार वळूच्या अंगाशी लोंबकळत फरपटतो.

वृषण आवळतात, ही समजूत चुकीची. दुसरा एक पट्टा मागच्या मांड्यांच्या पुढे, कुशीभोवती बांधतात. तो झटकून टाकायला वळू पाय आणखी उंच फेकतो. उसळणं मुळात रक्तातलं. त्यासाठी वळूंची वंशावळ पाहून पैदास करतात. तरी प्राणिप्रेमींचा या पट्ट्याला विरोध आहे, आणि त्यांचं म्हणणं मला झटकून टाकता येत नाही.

आठ सेकंद टिकणं किती अवघड, ते पाहा. 'रेड रॉक' नावाच्या वळूने व्यावसायिक कारकिर्दीत 309 स्वार पाडले. आठ सेकंद एकही टिकला नाही. तो निवृत्त झाल्यावर 1988 मध्ये लेन फ्रॉस्ट या विश्वविजेत्याशी त्याच्या सात लढती ठेवल्या. फ्रॉस्टने चार जिंकल्या.

पुढच्याच वर्षी, 30 जुलै 1989 रोजी, वायोमिंगमधल्या शायेन इथे फ्रॉस्टने दुसऱ्या एका वळूवर आठ सेकंद पूर्ण केले आणि तो खाली उतरला. वळूने वळून त्याच्या पाठीत धडक दिली. बरगड्या मोडल्या आणि तो तिथेच गेला. वय 25. त्याचा मित्र कोडी लॅम्बर्ट याने त्यानंतर स्वारांसाठी संरक्षक जाकीट तयार केलं. आज ते घातल्याशिवाय मोठ्या स्पर्धेत कोणी वळूवर बसत नाही.

घड्याळ थांबल्यावरचे क्षणही तितकेच जीवघेणे असतात. म्हणून रिंगणात 'बुलफायटर' उभे असतात. स्वार खाली आला की ते वळूच्या पुढ्यात धावतात आणि त्याला आपल्यामागे पळवत नेतात.